बाया जमवणारी रूपाबाई

रूपाबाई रडायला लागली की बाया जमायच्या. शिरड शहापूरच्या आसपासच्या अकरा तांड्यांवर बारा वर्षं हे असंच चाललं.

आमच्या भागातल्या तांड्यांवर एक जुनी रीत आहे. दोन बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की त्या एकमेकींना कशी आहेस म्हणून विचारत नाहीत. ओढणी तोंडावर ओढतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. त्या रडण्यातच सगळं विचारून होतं. तुझा सासरा गेला तेव्हा मी येऊ शकले नाही, तुझ्या सुनेला मुलगा झाला म्हणे, तुझ्या म्हशीचं काय झालं. हे सगळं आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत, एका ठरलेल्या चालीवर. रडून झालं की दोघी डोळे पुसतात, तंबाखू मळतात आणि हसायला लागतात. बाहेरचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं, कुणीतरी मेलं. मेल्यावरची चाल वेगळी असते, थोडी खालच्या सुरातली, पण ती बाहेरच्याला ओळखू येत नाही.

आणि एक गोष्ट. गळा द्यायला आलेल्या बाईला गळा दिला नाही, तर त्या घराचा दरवाजा तिला बंद झाला असं समजतात. त्यावर भांडण होत नाही, बोलणंही होत नाही. बाई वळते आणि जाते. लेकीच्या बाबतीत तर हे जास्तच कडक. आईने गळा दिला नाही तर लेक उंबरा ओलांडत नाही.

रूपाबाईचा नवरा देवला १९९६ साली ऊसतोडीवर असताना ट्रॅक्टरखाली गेला. पदरी नऊ वर्षांची शिला. त्यानंतरच्या वर्षी वसमतचे विश्वंभर औंढेकर जीप घेऊन सावळी तांड्यावर आले. निर्झर नावाच्या साबणाची एजन्सी त्यांच्याकडे होती आणि कंपनीने गावोगावी महिला मेळावे घ्यायला सांगितलं होतं. सतरंजी अंथरली होती, भोंगा लावला होता, एका बादलीत पाणी आणि दुसऱ्या बादलीत मळके कपडे होते. एकही बाई येईना. दारात उभ्या राहून बघायच्या आणि आत जायच्या. कोण कुठला धोतर-टोपीवाला, आपल्या लुगड्याचा मळ चारचौघांत काढणार, अशी त्यांची कुजबुज.

रूपाबाई त्या दिवशी सावळीला आपल्या मावसबहिणीकडे, जिवनबाईकडे आली होती. देवला गेल्यानंतरची दोघींची ती पहिली भेट. जिवनबाई पाण्याचा हंडा घेऊन येत होती. सतरंजीच्या जवळच रूपाबाईने तिला गाठलं, हंडा खाली ठेवायलाही वेळ दिला नाही आणि गळ्यात पडली. दोघी अशा रडल्या की पाच मिनिटांत सगळा तांडा गोळा झाला. एक-एक बाई येऊन रूपाबाईच्या गळ्यात पडू लागली. रडून दमल्यावर बसायला जागा होती ती सतरंजीच. सगळ्या तिच्यावरच बसल्या. विश्वंभररावांनी संधी सोडली नाही. बादलीत हात घातला आणि बोलायला सुरुवात केली.

तेव्हापासून जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा रूपाबाईची झाली.

ती खोटं रडायची असं मात्र कुणी म्हणू नये. अकरा तांड्यांवरचं प्रत्येक घर तिला ठाऊक होतं. कुणाचं लेकरू तापाने गेलं, कुणाच्या पोरीला सासरचे नांदवत नाहीत, कुणाचा बैल विकला, हे ती जीपमधून उतरायच्या आधीच आठवून ठेवायची. ज्या बाईचं दुःख तिला ठाऊक नसेल, त्या बाईच्या गळ्यात ती पडायची नाही, आधी दुसरीकडे चौकशी करायची. तांड्यावरच्या बाया तिची टर उडवायच्या. कंपनीची रडुबाई आली, म्हणायच्या. ती पण ऐकून घेणारी नव्हती. ‘तुही नवरी व्हतानाचं रडणं फुकट गेलं,’ म्हणायची, ‘माहं रडणं जीपमधी बसून येतं.’

शिला मोठी झाली, कुलदीप नावाच्या चांगल्या मुलाला दिली. तांड्यावर काम नव्हतं. दोघं पुण्याला बांधकामावर गेली. नवव्या मजल्यावर विटा चढवायच्या आणि तळमजल्यावर पत्र्याच्या खोपटात झोपायचं. वर्षातून एकदा, श्रावणातल्या तिजेच्या सणाला, शिला माहेरी यायची. ‘याडी’, म्हणजे आई, म्हणत गळ्यात पडली की तिच्या हाताचे घट्टे रूपाबाईच्या मानेला लागायचे. त्या घट्ट्यांबद्दल शिला बोलली नाही, पण रडताना रूपाबाईने दर वर्षी त्यांचंच नाव घेतलं.

म्हणून २००९ च्या उन्हाळ्यात विश्वंभरराव जेव्हा म्हणाले की कंपनी आता तांड्यांसाठी वेगळी एजन्सी काढते आहे, फाट्यावर दुकान देणार आहे, आणि ती तुमच्याच नावावर करायची माझी शिफारस आहे, तेव्हा रूपाबाईने एकच प्रश्न विचारला. माझी लेक आणि जावई ते दुकान चालवू शकतील का. विश्वंभरराव म्हणाले, का नाही. तिजेच्या मेळाव्याला कंपनीचे साहेब येतील, तेव्हा जाहीर करू.

रूपाबाईने शेजारच्याच्या फोनवरून शिलाला कळवलं. औंदा येशील ती परत न जायासाठी ये.

जुलै संपत आला आणि पुण्याहून स्वाइन फ्लूच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्याकडे त्याला डुकराचा ताप म्हणत. तापाने माणसं मरतात हे नवीन नव्हतं, पण तोंडाला फडकी बांधलेली शहरातली माणसं टीव्हीवर दिसली आणि सगळे हबकले. पुण्याहून घरी परतलेल्या माणसांकडे लोक तिरकं बघू लागले. गर्दी टाळा असं सगळीकडून सांगणं आलं. कंपनीचंही पत्र आलं, सगळे मेळावे रद्द. पण त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की हात धुण्याच्या साबणाला आता मोठी मागणी येणार आहे आणि प्रत्येक एजंटने मेळाव्याशिवाय लोकांपर्यंत पोचण्याचा मार्ग काढावा.

विश्वंभररावांनी मार्ग काढला. रूपाबाईला वसमतला बोलावलं आणि सीडी करून देणाऱ्या एका दुकानात नेलं. मागच्या खोलीत गाद्या भिंतीला टेकवून स्टुडिओ केलेला. तिच्यासमोर माइक ठेवला आणि रडा म्हणाले.

तिला रडता येईना. ती माइककडे बघत बसली. गळा असल्याशिवाय कशी रडू, म्हणाली. विश्वंभरराव म्हणाले, जिच्या गळ्यात पडावंसं वाटतं तिचा विचार करा. मग ती डोळे मिटून शिलासाठी रडली. चांगली सात मिनिटं रडली. शिले, वरीस झालं तुझं तोंड पाहिलं न्हाई, तुझ्या हाताची कातडी गेली, मी तुला विटांत टाकलं. आता तीज आली, आता तू येशील, दुकानात सावलीत बसशील, तुझे हात मऊ होतील. असं सगळं.

विश्वंभररावांना गोरमाटी येत नव्हती. दुकानवाल्यालाही येत नव्हती. सात मिनिटं जीपच्या भोंग्यावर कोण ऐकणार, म्हणून त्यांनी त्यातले चाळीस सेकंद निवडले. जिथे आवाज सगळ्यात जास्त फाटला होता, ते. शिले, तुझं तोंड पाहिलं न्हाई, मी तुला टाकलं, शिले. इथपर्यंत. तीज, दुकान, सावली सगळं कापलं गेलं. आणि त्या जुन्या यंत्रावर आवाज थोडा जड आला, म्हणजे चालही खालच्या सुरातली झाली. त्या चाळीस सेकंदांपुढे विश्वंभररावांचा स्वतःचा आवाज जोडला. बायांनो, रोगापासून वाचा, लेकरांना वाचवा, निर्झरने हात धुवा.

राखीच्या दिवशी जीप सावळी तांड्यावर गेली. रूपाबाई सोबत नव्हती, तिची गरजच नव्हती. जीप तांड्याबाहेर थांबली आणि भोंगा सुरू झाला. जिवनबाई दारात आली. तिने रूपाबाईचा आवाज ओळखला, चाल ओळखली, नाव ओळखलं. त्यापुढे रोगाचं नाव ऐकलं. तिला शंका घ्यायला जागाच उरली नाही. शिला पुण्यात डुकराच्या तापाने गेली आणि रूपाबाईने जीपमधून ती खबर सगळ्या तांड्यांना पाठवली, असंच तिने आणि साऱ्या बायांनी धरलं. दारादारात बाया रडल्या. विश्वंभररावांना वाटलं, काम झालं. पाच-सहा बाया घाबरून पुढे आल्या आणि साबण घेऊन गेल्या.

अशी खबर आली की त्याच दिवशी जायचं असतं. चूल विझवून जायचं, गळ्यात पडायचं, उपाशी बसायचं. सावळी ते रूपाबाईचा तांडा तीन कोसही नाही. पण सावळी तांड्याचे प्रमुख, नाईक उत्तमसिंग यांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावून सांगितलं की त्या घरात रोग आहे, कुणी जायचं नाही. आणि कुणी गेलं नाही. जीप पुढच्या तांड्यावर गेली, तिथेही तसंच झालं. एक एक करत, रूपाबाईचा स्वतःचा तांडा सोडून, दहा तांड्यांवर शिला मेली आणि दहाही तांडे घरात बसून राहिले.

रूपाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती दुकानासाठी फाट्यावरची जागा सारवत होती.

सहाव्या दिवशी ती शिरड शहापूरच्या बाजारात दुकानासाठी एक दुरडी आणायला गेली. रस्त्याच्या पलीकडे जिवनबाई उभी होती. रूपाबाई सवयीने हात पसरून निघाली. जिवनबाई दोन पावलं मागे सरली, ओढणीचा बोळा तोंडावर धरला आणि तिथूनच, मधून एसटी आणि बैलगाड्या जात असताना, रडायला लागली. खालच्या सुरात.

रूपाबाई जागेवर थांबली.

‘कोन गेलं वो बाई?’

जिवनबाईने रडतारडताच सांगितलं, ‘तुही शिला.’

‘शिला जित्ती हाय. तिजेला येऊन राहिली.’

जिवनबाईचा सूर तुटला. मग तिने घाईघाईने जीपचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, शिलाचं नाव त्यात कसं येतं ते सांगितलं. रूपाबाईला सगळं कळायला थोडा वेळ लागला. जिवनबाई आता हसायला लागली होती, देवाने वाचवलं म्हणत होती. रूपाबाई हसली नाही.

‘सहा दिसांपासून तुला ठाऊक व्हतं, माही पोरगी मेली म्हून,’ ती म्हणाली. ‘आन् तू आली न्हाईस.’

‘नाईक म्हन्ला जाऊ नका. रोग हाय म्हन्ला. लेकरंबाळं हायेत बाई घरात.’

‘बराबर हाय.’

एवढंच बोलून रूपाबाई दुरडीवाल्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ती वसमतला गेली आणि विश्वंभररावांना ते रडणं बंद करा म्हणाली. त्यांना आधी खरंच वाईट वाटलं. दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग ते म्हणाले की सीडी लगेच बदलता येणार नाही, जीप भाड्याने ठरलेली आहे, तीन-चार दिवस चालू द्या. आणि खरं सांगायचं तर रूपाबाई, बारा वर्षांत इतका साबण गेला नाही. परवा तिजेला साहेब येतायत. त्यांना एक नवीन प्रकार बघायचा आहे, अंतर ठेवून मेळावा. जमिनीवर चुन्याचे चौकोन आखायचे, एका चौकोनात एकच बाई. कुणीही कुणाला हात लावायचा नाही. तुमच्या तांड्यावर जमलं तर सगळीकडे असेच मेळावे घेतील, आणि दुकान तर तिथेच जाहीर होईल. पण एकाही बाईने शिस्त मोडली तर साहेब एजन्सीचा कागद परत घेऊन जातील. समजलं ना.

रूपाबाईला समजलं. तिने दोन दिवस घरोघर जाऊन सांगितलं, चौकोन सोडायचा नाही. जी बाई चौकोन सोडेल तिचं तोंड मी पाहणार नाही. स्वतः चुना भिजवला, स्वतः दोरी धरली. साठ चौकोन आखले, सरळ ओळीत.

तिजेचा शेवटचा दिवस. नऊ दिवस वाढवलेल्या गव्हाच्या दुरड्या डोक्यावर घेऊन पोरी वेगळ्या उभ्या होत्या. साठ बाया साठ चौकोनांत. एरवी या दिवशी नाच असतो, हातात हात असतो. त्या दिवशी कुणी हललं नाही. कंपनीचे साहेब तोंडाला कापडी मास्क लावून खुर्चीवर बसले होते, हातात छोटा कॅमेरा. रूपाबाई सगळ्यांच्या पुढच्या चौकोनात, बादलीजवळ. हात कसे धुवायचे ते दाखवत होती, विश्वंभरराव माइकवर सांगत होते.

तेवढ्यात फाट्यावरून शिला आली.

ती एसटीने एकटीच आली होती, कुलदीप कामाचा हिशेब घेऊन मागून येणार होता. शिरडच्या पुढे एसटीत लांबच्या एका तांड्यावरची म्हातारी तिच्या शेजारी होती. तिने शिलाला ओळखलं आणि जागेवरून उठली. तू मेलीस ना, म्हणाली आणि मागे जाऊन उभी राहिली. मग इतरही उठले. शिलाच्या आजूबाजूच्या चार सीट रिकाम्या राहिल्या. तिथून फाट्यापर्यंत ती तशीच बसून आली. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पत्र्याची पेटी. परत न जाण्यासाठी आली होती, म्हणून पेटी होती.

आईला बघितल्यावर तिने पेटी खाली टाकली आणि पळत सुटली. ओढणी तोंडावर ओढली, हात पसरले, सूर काढला. बायांच्या ओळी तिच्याकडे वळल्या. दोन-तीन बायांचे पाय चौकोनाच्या रेघेवर आले. विश्वंभरराव बोलायचे थांबले. साहेब खुर्चीतून उठले.

रूपाबाईने उजवा हात वर केला. तळवा शिलाकडे. हाताला साबणाचा फेस होता.

तिच्या मनात काय होतं ते तिने नंतर अनेकांना सांगितलं. एक तास. फक्त एक तास. साहेब कागद देतील, जीप जाईल, मग घरात नेऊन रात्रभर गळ्यात घेईन. हे सगळं त्या एका हातात होतं असं तिला वाटलं. पण हाताने एवढं सांगता येत नाही. हाताने फक्त थांब म्हणता येतं.

शिला सात-आठ पावलांवर थांबली.

‘याडी, तू बी?’

रूपाबाईने डोळ्यांनी खूण केली, मागे उभी राहा, बाजूला. एक चौकोन रिकामा होता, तो दाखवला. शिलाने त्या चौकोनाकडे बघितलं. मग ती वळली. पेटी उचलली, डोक्यावर घेतली, आणि ज्या वाटेने आली त्या वाटेने चालायला लागली. कुणीही तिला हाक मारली नाही, कारण कुणीही चौकोन सोडला नाही.

रूपाबाईनेही सोडला नाही. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता.

कागद मिळाला. दुकान मिळालं. साहेब विश्वंभररावांना म्हणाले, ही बाई कमाल आहे, स्वतःच्या मुलीलाही सूट दिली नाही. जीप गेल्यावर रूपाबाई फाट्यापर्यंत धावली. परतीची एसटी निघून अर्धा तास झाला होता.

फोनवर शिला आली नाही. कुलदीप आला. तो काही वाईट बोलला नाही. म्हणाला, आत्या, दोघंबी बरे हाओत, तकलीफ न्हाई. ती काय येत न्हाई आता. रूपाबाई पुण्याला गेली, त्यांची जागा बदलली होती. नवीन जागेवर कुलदीप भेटला, चहा पाजला. शिला वर कामावर होती आणि वरच राहिली. रूपाबाई संध्याकाळपर्यंत वाळूच्या ढिगाजवळ बसून परत आली.

त्या वर्षीच्या दिवाळीत कंपनीने एक पत्रक छापलं. त्यावर रूपाबाईचा फोटो होता, फेसाचा तळवा पुढे केलेला. खाली लिहिलं होतं, हात लांब, आजार लांब. ते पत्रक साबणाच्या प्रत्येक खोक्यात येत होतं. दुकान रूपाबाईचं, त्यामुळे खोकी तीच फोडायची.

साथ ओसरली. थंडीत कंपनीने पुन्हा मेळावे सुरू केले. चौकोन कुणाला आवडले नव्हते, चौकोनातल्या बाया एकमेकींशी बोलत नाहीत आणि घरी जाऊन साबणाचं नाव काढत नाहीत, असं कंपनीच्या लक्षात आलं. पुन्हा सतरंजी आली. विश्वंभररावांनी रूपाबाईला विचारलं, येणार का. ती आली. आपल्या जुन्या जागेवर बसली.

पहिला मेळावा सावळीला. जीप थांबली तेव्हा जिवनबाई सगळ्यांच्या पुढे उभी होती. रूपाबाई उतरली, ओढणी ओढली आणि तिच्या गळ्यात पडली. सूर बरोबर लागला. तिने जिवनबाईच्या गेलेल्या दिराचं नाव घेतलं, नव्या नातवाचं नाव घेतलं, पिकाचं विचारलं. काहीच चुकलं नाही. डोळे मात्र कोरडे होते, पण ओढणीखालचं कुणाला दिसत नाही. तांड्यावरच्या बाया जमल्या, रडू लागल्या. विश्वंभररावांनी बादली पुढे घेतली.

मग जिवनबाईची पाळी आली. तिने सुरातच विचारलं, बाई, तुही शिला कशी हाय, बाई, ती कवा येनार.

रूपाबाईचा सूर थांबला. तिने जिवनबाईचे हात आपल्या मानेवरून एक एक करून काढले, ओढणी सारखी केली आणि बायांकडे वळून रोजच्या आवाजात म्हणाली, ‘बसा. सायेब बोलून राहिले.’

बाया बसल्या.